मी तिला आत बसवलं

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. बातम्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ हे नाव देऊन टाकलं. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरची पथकं आली, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण तोवर ते नाव घरोघरी पोचलं होतं. आमच्या शाखेतही.

मी तेव्हा त्याच भागातल्या एका पतसंस्थेत शाखाप्रमुख होते. कॅश काउंटरवर बसणाऱ्या आमच्या सहकारी मुलीला चाई होती. कॉलेजात असताना डोक्यावर चट्टे पडले, मग सगळेच केस गेले, भुवयाही गेल्या. शेगावच्या प्रकाराशी याचा काडीचा संबंध नव्हता. चाई कुणाकडून कुणाला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. मुळं मरत नाहीत, म्हणून कुणाचे केस परत येतात, पुन्हा जातातही. हे सगळं तिने रुजू होतानाच मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

टोमणे आधीपासून होते. ‘बालाजीला जाऊन आल्या वाटतं?’ हा नेहमीचा. कीड लागली असेल, कांद्याचा रस चोळा, हे सल्ले वेगळे. मी ऐकलं नाही असं दाखवायची, एकदा तर सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा. जानेवारीत ‘व्हायरस’ हा शब्द मिळाला आणि लोकांची भीड चेपली. डबा खाताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. एका खातेदाराने तिच्या हातून नोटा घ्यायला नकार दिला. पैसे याच काउंटरवर मिळतील, एवढंच मी त्याला सांगायला हवं होतं. मी तिला म्हटलं, ‘थोडे दिवस आत रेकॉर्डला बस, उगाच तुला त्रास नको.’ तिला सांभाळून घेतेय, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. वाण देणारीने तिला ओलांडून पुढच्या बाईला कुंकू लावलं. मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, नवरा रोज संध्याकाळी तिला घ्यायला यायचा. विधवांचं डोकं भादरणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये संप केला होता. केशवपन गेलं, पण बिनकेसांची बाई अशुभ ही समजूत आमच्या शाखेत शाबूत होती. मी समोर बसले होते. उठून तिला कुंकू लावायला कितीसा वेळ लागला असता? सगळे पांगल्यावर मी तिचं वाण गुपचूप तिच्या टेबलावर ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, वाणाला तिने हात लावला नाही.

मार्चअखेरीची कामं संपल्यावर तिने बदली मागितली. मी शिफारस केली, कारण लिहिलं, ‘प्रशासकीय सोय’.

नंतर मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. तिने चहा केला. म्हणाली, ‘मॅडम, लोक बोलायचे त्याचं मला एवढं नव्हतं. कॉलेजपासून कुणी ना कुणी काहीतरी बोलतंच. पण तुम्ही आत बसवलं ना, तेव्हा सगळ्यांना वाटलं, खरंच काहीतरी असेल.’ मी काही बोलू शकले नाही. तिला काउंटरवरच राहायचं होतं का, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिथेच विचारलं. होतं, म्हणाली.

मुख्य कार्यालयाला मी पत्र दिलं आहे. बदलीचं मी लिहिलेलं कारण खोटं होतं, खरं कारण शाखेतली वागणूक आणि त्यातला माझा भाग, तशी नोंद तिच्या फाइलीत व्हावी आणि तिला हवं असेल तर काउंटरचं काम परत मिळावं. कुणी काय केलं, तेही क्रमाने लिहिलं आहे, पहिलं नाव माझं. उत्तर अजून आलेलं नाही. स्मरणपत्र सोमवारी जाईल.