स्मार्ट बोर्ड आणि आमचं हसं

भोकर, रविवार रात्र

खडूची भीती कधी वाटली नाही. स्मार्ट बोर्डची वाटली. भरल्या वर्गासमोर बोट भलतीकडंच पडलं तर? भीती यंत्राची नसतेच, हसं होण्याची असते. त्यात आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणजे टाळायला निमित्तही तयार!

शेवटी सातवीतल्या एका पोरीलाच म्हटलं, "बाळ, तूच दाखव की." तिनं बोर्डाआधी पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला अन् धडा बोलू लागला. "लई सोपंय सर!" पोरं हसली, पण मला नाही.

हे कोड काही पुण्या-मुंबईच्या शाळेनं रुजवले नाहीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते पुस्तकांना जोडले. पुढं बालभारतीच्या पुस्तकांत आले. २०२० मध्ये गुरुजींना १० लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली. (आमच्यात डब्यातली भाकरी वाटतानाही हिशेब होतो, असो.)

माझ्या वयाच्या मास्तरांनो, पुस्तकातले हे कोड उघडणारं दीक्षा ॲप उतरवून घ्या अन् पहिला कोड वर्गातल्या पोरांकडूनच उघडून घ्या.