तीनशे दहा रुपयांची मॅच

मुलांनी ‘स्टेडियममध्ये जाऊन मॅच बघायची’ असा हट्ट धरला की आपल्यासारख्या पगारदार घरांत आई-बाप एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. वानखेडेवरच्या मोठ्या सामन्याला चार-पाच जणांनी जायचे तर महिन्याच्या किराण्याला हात घालावा लागतो. शिवाय मनात दुसरा प्रश्न असतोच, खेळ बघण्यावर पैसा घालवणे हा इसराफ तर नाही ना? आम्ही दोघेही शिक्षक. नाहूरच्या घराचा हप्ता, दोन मुलांची फी आणि अम्मींची औषधे यांतून उरते ते थोडेच. तरीही आमच्या घराने एक मोठा सामना मैदानात बसून पाहिला. तो कसा, हे इतर घरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

डिसेंबर 2022 मधली गोष्ट. कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्डकप रंगात आला होता. 10 तारखेला मोरोक्कोने पोर्तुगालला 1-0 ने हरवले आणि उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. जिओ सिनेमावर सामने फुकट दिसत होते, त्यामुळे इमारतीतले मुलगे जिन्यात एका मोबाइलभोवती गोळा होऊन बसत. आमची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. खाली कॉलनीत ती चांगली बॉलिंग टाकायची. पण नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली आणि अम्मींनी तिचे खेळणे बंद केले होते. त्या रात्री ती एवढेच म्हणाली, “खेळतात मुलगे, बघतात पण मुलगेच.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी 11 तारखेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला संघांचा टी-20 सामना होता. प्रवेश विनामूल्य होता. आम्ही जायचे ठरवले. अम्मी म्हणाल्या, “सयानी पोरगी घेऊन रात्रीचं मैदानात जाणार? लोक काय म्हणतील?”

आम्ही वाद घातला नाही. हदीसमध्ये आलेला प्रसंग त्यांना आठवून दिला. मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना आपल्या चादरीचा आडोसा देऊन तो खेळ पाहू दिला आणि त्यांचे मन भरेपर्यंत ते स्वतः उभे राहिले. त्या दोघांनी धावण्याची शर्यत लावल्याचीही नोंद आहे. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग मी पण येते. पोरीच्या शेजारी मी बसणार.”

असरची नमाज पढून, घरीच पोटभर खाऊन निघालो. बाहेरचे खाणे आणि पाण्याच्या बाटल्या स्टेडियममध्ये सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून डबा घेतलाच नाही. नाहूरला फक्त स्लो लोकल थांबते. तिने ठाणे गाठायचे आणि तिथून ट्रान्स-हार्बरने नेरूळ. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा गाड्यांची वेळ आधी बघून ठेवली होती. मगरीब नेरूळलाच पढली. पाच जणांचे जाण्यायेण्याचे तिकीट, स्टेशनबाहेर वडापाव-चहा आणि आत पाणी, असा एकूण खर्च झाला 310 रुपये.

आत शिरल्यावर अम्मी थबकल्याच. चाळीस हजारांहून जास्त माणसे, आणि त्यांत आजी-नाती, बुरख्यातल्या बायका, शाळेच्या मुलींचे घोळके! सगळे बायकांचा खेळ बघायला आलेले. ऑस्ट्रेलियाने 1 बाद 187 धावा केल्या. आपल्याकडून सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने 79 धावा काढल्या. शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी चार धावा हव्या होत्या आणि पुण्याच्या देविका वैद्यने चौकार मारला. पुढे सुपर ओव्हरमध्ये भारताने 20 धावा केल्या, ऑस्ट्रेलियाच्या झाल्या 16. मुलगी उड्या मारत होती आणि अम्मी तिचा दुपट्टा सावरत विचारत होत्या, “जिंकलो ना आपण? नक्की ना?”

परतीच्या गाडीत मुलगी खांद्यावर डोके टेकून झोपली होती. ठाणे आल्यावर अम्मी हळूच म्हणाल्या, “खाली खेळू दे तिला. मी गॅलरीत बसत जाईन.” आणि त्या खरोखर बसू लागल्या. नातेवाइकांचे बोलणे थांबले नाही. पण उत्तर द्यायला आता अम्मी होत्या.

त्यानंतर मार्च 2023 मध्ये पहिली वुमेन्स प्रीमियर लीग मुंबई-नवी मुंबईत झाली. तिथे बायका आणि मुलींना प्रवेश मोफत होता, पुरुषांना तिकीट 100 रुपयांपासून. 2025 च्या महिला वर्ल्डकपमध्येही साखळी सामन्यांची तिकिटे 100 रुपयांपासून ठेवली होती. उपांत्य आणि अंतिम सामना मात्र आम्ही शेजाऱ्यांसह घरच्या टीव्हीवरच पाहिला. 30 ऑक्टोबरला त्याच नेरूळच्या मैदानावर जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा करून ऑस्ट्रेलियाला हरवले. जेमिमाचे बालपण आमच्या शेजारच्या भांडुपचे. तिला खेळायच्या सोयी मिळाव्यात म्हणून तिचे कुटुंब वांद्र्याला राहायला गेले. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, “आई-बापाने घर बदललं पोरीसाठी! आपण तर नुसती गॅलरीत खुर्ची टाकली.” 2 नोव्हेंबरला भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून वर्ल्डकप जिंकला, तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि अम्मी जाग्याच होत्या.

इसराफ म्हणजे गरज नसताना उधळणे. घरातल्या तीन पिढ्या एका बाकावर बसतात, मुलीला आपल्यासाठीही जागा आहे हे कळते आणि नमाजही चुकत नाही, त्या खर्चाला आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. कर्ज काढून किंवा मुलांची फी थकवून महागडे तिकीट घ्यावे असेही आमचे म्हणणे नाही. महिलांचे सामने आणि रणजीचे सामने बहुतेक वेळा कमी पैशांत किंवा फुकट बघायला मिळतात. मुलांना, आणि विशेषतः मुलींना, एकदा तरी तिथे न्या. जमल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत घ्या. आमच्या घरात खरा बदल त्यांच्यातच झाला.