टॉर्चची दोरी, तंबूची दोरी
शाळेची मुलं घेऊन भंडारदऱ्याला तंबूत मुक्कामाला जातो, तेव्हा तंबूला ताण देणाऱ्या दोऱ्या मी रिफ्लेक्टिव्हच घेतो. रात्री लघवीला उठलेल्या पोराचा पाय नेमका तिथंच अडकतो. दोरीतला चमकता धागा उजेड जिथून आला तिकडंच परत पाठवतो. म्हणून टॉर्च डोळ्यांजवळ धरायची, कमरेशी धरली तर चमक फारच कमी दिसते. टॉर्चलाही हीच दोरी बांधतो. पण बंद टॉर्च गवतात पडली की दोरी आपणहून उजळत नाही, शोधायला दुसरी टॉर्च लागतेच. दुकानदार एवढं कुठं सांगतो! आणि दोरी मनगटात अडकवा, पोरांच्या गळ्यात मुळीच नको. फांदीत अडकून पोर घसरलं तर गळा आवळेल. वीतभर लांबीचा फासा पुरतो.