दीड फुटी इंजिन आणि माझ्या शिवणयंत्राची जागा

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या छंदानं घरातली एकही खोली अडवलेली नाही, असं भाग्य तुमच्यापैकी कुणाचं असेल, तर तिनं खुशाल पान उलटावं. बाकीच्यांनी जरा बसा. तुमच्या-माझ्या घरची गोष्ट आहे.

आमचे हे रेल्वेत होते, रुळांच्या देखभालीवर. निवृत्त झाल्यावर एकदा नातवाला घेऊन कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गेले. 1998 सालापासूनचं ते संग्रहालय पुणेकरांना माहीत आहेच. नातू आला तसा आईस्क्रीम खाऊन झोपला. आजोबा मात्र रात्रभर जागे! महिन्याभरात मागच्या खोलीत आठ बाय चार फुटांचा प्लायवूड आला, त्यावर रूळ आले, स्टेशन आलं. माझं शिवणयंत्र तेवढं खिडकीपाशी कसंबसं टिकलं.

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या आमच्या मुलानं वडिलांना वाढदिवसाची भेट पाठवली. ‘बिग बॉय’ नावाच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती. मूळ इंजिनं 1941 ते 1944 या काळात तिकडे पंचवीस बांधली गेली. टेंडर धरून लांबी चाळीस मीटर! त्यातलं 4014 नंबरचं दुरुस्त होऊन 2019 साली पुन्हा धावलं. आमच्याकडचं प्रमाण एकास सत्याऐंशी, म्हणजे हे बाळही दीड फुटाचं. इतकं देखणं, की मीसुद्धा हात धुऊन मगच हात लावला.

पहिल्या दिवशी ते गोल रुळावर दोनदा छान फिरलं. मग ह्यांनी त्याला बाहेरच्या रुळावरून आतल्या रुळावर घ्यायला सांधा बदलला. इंजिन सांध्यावर आलं, अडखळलं, घसरलं आणि थेट फरशीवर! पुढची पायरी मोडली. हे काही बोलले नाहीत. इंजिन खोक्यात ठेवलं आणि सगळ्या रेल्वेवर जुनी चादर पसरली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. “बाबा, कसं चालतंय?”

“अगदी झकास चालतंय रे!” हे म्हणाले.

मी पोळ्या लाटत होते, लाटणं तसंच राहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात मुलांशी खोटं बोललेला हा माणूस मी पाहिला नव्हता. चादर महिनाभर तशीच. आणि मुलगा दिवाळीला येणार होता!

एक दिवस मीच चादर काढली. म्हटलं, “मला एकदा हळूहळू चालवून दाखवा.” डोळे रुळांच्या पातळीवर आणून मी बघत बसले. गोल वळणावर काही अडचण नव्हती. सांध्यावर मात्र इंजिन एकदा डावीकडे वळायचं आणि ते धड सरळ होण्याआधीच उजवीकडे. पुढचं धूड एका बाजूला, मागचं टेंडर दुसऱ्या बाजूला! मी म्हटलं, “अहो, हे तर बाहीच्या गोलव्यासारखं आहे. वळण झटक्यात दिलं की कापड ओढलं जाणारच.”

हे पहिल्यांदा हसले. मग मला सांध्यांचा नंबर समजावून सांगितला. तुम्हीही ऐका, सोपं आहे. चार नंबरचा सांधा म्हणजे चार बोटं पुढे गेलं की रूळ एक बोट बाजूला. सहा नंबर म्हणजे सहाला एक, आठ म्हणजे आठाला एक. शिवणाच्या दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा नाजूक होतो ना, तसा सांध्याचा नंबर वाढला की वळण सौम्य होतं. आतल्या वळणाची त्रिज्या ढोबळमानानं चार नंबरात 38 सेंटिमीटर, सहात 109 आणि आठात 170. आमच्या गोल रुळाची त्रिज्या 56. म्हणजे इंजिन 56 वर चालत होतं आणि सांध्यातल्या 38 वर पडत होतं!

“तुमच्या खऱ्या रेल्वेत किती नंबर असतो?” मी विचारलं.

“प्रवासी गाड्यांना एकास बारा. यार्डात एकास साडेआठ, तिथे पंधराच्या वेगानं जायचं.”

“मग घरी एकास चार का?”

“घर किती मोठं आहे, ते तूच सांग!”

आता यावर काय बोलणार? अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस, आणि अंथरूण माझ्या यंत्रानं अडवलेलं.

दुसऱ्या दिवशी मी खाकी कागदावर सहा नंबरचे सांधे आखले, ब्लाउजचा नमुना कापावा तसे कापले आणि प्लायवूडवर मांडून पाहिले. खरेदीआधी तुम्हीही हेच करा. चार नंबरचा सांधा नऊ इंचांच्या आसपास जागा घेतो, सहाचा फूटभर. यार्डात तर फरक साचत जातो. दोन रुळांत पाच सेंटिमीटर अंतर ठेवायचं, तर दर फाट्याला चार नंबरात वीस सेंटिमीटर जातात, सहात तीस, आठात चाळीस. सगळीकडे मोठे सांधे घातले असते, तर गाड्या उभ्या करायला जागाच उरली नसती.

म्हणून आम्ही तडजोड केली. मोठं इंजिन जिथे जाणार, तिथेच मोठा सांधा. बाहेरून आतल्या रुळावर येणारी जोडी आणि स्टेशनचा फाटा, असे तीन सांधे सहा नंबरचे. यार्डातले चारही जुनेच, तिथे शंटिंगचं चिमुकलं इंजिन सुखानं फिरतं. आठ नंबरचा मोह झाला होता, पण त्यातला जिथे रूळ एकमेकांना छेदतात तो भाग लांब असतो. तो प्लॅस्टिकचा असला तर वीज मिळत नाही आणि छोटं इंजिन तिथेच बसकण मारतं. मोठ्याला चाकं पुष्कळ, ते निभावून नेतं.

तीन सांध्यांना दीड फूट फळी वाढवावी लागली. ती जागा कुणाची, हे सांगायला नकोच. मी म्हटलं, “देते. पण माझं यंत्र दिवाणखान्यात जाणार नाही. फळीखाली बसवा आणि वर दिवा लावून द्या.” तसं झालं.

सांधे बसवतानाच्या काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. खालची फळी सपाट हवी, सांध्याखाली उंचवटा नको. हलणाऱ्या पात्यांजवळ डिंक आणि खडी जाऊ देऊ नका. पात्याच्या टोकावरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर चाकालाही टोचणार, तिथे बारीक कानस मारा. दोन सांध्यांच्या जोडीत उलटसुलट वळण येतं, म्हणून मधला सरळ तुकडा होईल तितका लांब ठेवा. आणि गाडी नुसती ओढून नव्हे, उलटी ढकलूनही तपासा. लबाडी असली तर ढकलताना उघडी पडते.

दिवाळीला मुलगा आला. चहा न घेताच मागच्या खोलीत गेला. हे बटणापाशी, मी दारात, श्वास रोखून. बिग बॉय वळसा घालून आलं, सांध्यावर अलगद बाजूला सरकलं आणि आतल्या रुळावर गेलं. मुलगा वाकून बघत होता. “बाबा, हे सांधे नवे दिसतायत. आणि ही पायरी चिकटवलीय का?”

क्षणभर हे गप्प. मग म्हणाले, “पडलं होतं रे पहिल्याच दिवशी. जुने सांधे त्याला पुरत नव्हते. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“मीच आधी विचारायला हवं होतं, बाबा,” एवढंच तो म्हणाला आणि पुढची फेरी त्यानं स्वतः चालवली.

हल्ली दुपारी मी फळीखाली शिवत बसते आणि डोक्यावरून गाडी जाते. सांध्यावर पूर्वी धाडकन आवाज यायचा, आता नुसतं ‘टक’ होतं. तेवढं ऐकलं की मी पुढचा टाका घालते.