बीड, भीर आणि एक तारा

सप्टेंबर २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. दप्तराची छायाचित्रे संगणकात आली, तरी हवी ती फाइल सापडते कशी?

युनिक्सच्या १९७१च्या पहिल्या आवृत्तीतच यासाठी ‘ग्लॉब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम होता. * म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्यही; ? म्हणजे नेमके एक. चौकोनी कंस म्हणजे आत मांडलेल्यांपैकी कोणतेही एक. पायथनच्या ‘एफएनमॅच’मध्ये आजही हीच चिन्हे चालतात.

आता बीड घ्या. १९०८च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये ते ‘भीर’ आहे, अन्यत्र ‘बीर’. ‘बीड*’ शोधणाऱ्याच्या हाती हे दोन्ही लागत नाहीत. संगणकाच्या लेखी वेलांटी हे स्वतंत्र अक्षर असल्याने ‘?ी?*’ने तिन्ही सापडतात. पण मागोमाग ‘पीर’ही येतो. ‘[बभ]ी[डर]*’ हा नेमका उपाय. (कंसापुढची सुटी वेलांटी विचित्र दिसते खरी, पण ती हवीच.)

अंबाजोगाईपाशी मात्र ही विद्या थबकते. ‘*जोगाई*’ला अंबाजोगाई आणि आंबेजोगाई दोन्ही गवसतात, परंतु निजामी अमलात हेच गाव मोमिनाबाद होते. तेथे ‘मोमिनाबाद*’ असा दुसरा शोध माणसालाच टंकावा लागतो. तो ज्याला सुचला नाही, त्याच्यापुढे उत्तर म्हणून रिकामी यादी येते, आणि पणजोबांचा कागद त्याच संगणकात पडून राहतो.