शेडचा पाया

आज निलंग्यात घरामागे शेडची आखणी झाली. ट्रॅक्टर आणि जीप शेजारी-शेजारी मावतील, मागे वेल्डिंग आणि सुतारकामाला ऐसपैस जागा उरेल, एवढी मोठी.

गवंडी म्हणाले, "काळ्या रानात उथळ पाया टिकत नसतो, भाऊ." खरंच आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीलाही तडे पाडते. म्हणून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं, भरावही मुरमाचाच घालायचा.

भिंतींबाबत मात्र मी हट्टी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपल्या भागातली हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली. म्हणून जोत्यावर, दारांच्या वर आणि भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचे सलग पट्टे हवेत, कोपऱ्यांत उभ्या सळया. छत हलकं, लोखंडी कैच्यांवर पत्र्याचं. ते तापेल, तेव्हा वरून गरम हवा निघायला झरोके ठेवायचे. उंच फळीवर जड अवजार ठेवायचं नाही.

वडिलांना खर्च जास्त वाटतो. पण पोरं इथेच पाना धरायला शिकणार आहेत. सळईत मी काटकसर करणार नाही. थ्री फेजची लाईन कुठून घ्यायची, ते उद्या ठरवू.