आम्ही, आपण आणि हम

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाला इथली आणि तिथली तुलना करण्याची खोड लागते, आणि ती प्रथम जिभेला लागते. लखनौचे लोक दशहरीची थोरवी सांगू लागले की आम्ही हापूसचे नाव काढतो. थंडीत पहाटे चौकात मिळणाऱ्या 'निमिश'ला, म्हणजे रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाच्या त्या केशरी फेसाला, आमच्याकडे तोड नाही. तशी आमसुलाच्या साराला त्यांच्याकडे नाही. जिभेचा हिशेब असा बहुधा बरोबरीत सुटतो.

भाषेचा मात्र सुटत नाही. मराठी लेखक स्वतःला 'आम्ही' म्हणवून थोडी ऐट मिरवतो. लखनौत रिक्षावालादेखील सहजपणे स्वतःला 'हम' म्हणतो. पण ह्या 'हम'मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. मराठीने त्यासाठी दोन शब्द ठेवले आहेत. ऐकणाऱ्याला वगळायचे तर 'आम्ही', सामावून घ्यायचे तर 'आपण'. शिवाय समोरच्याला आदराने संबोधायचे तरी 'आपण'च. लखनौचे सुप्रसिद्ध 'आप' आणि आपणा सर्वांचा गोतावळा आमच्या एकाच शब्दात नांदतो.

ह्या सोयीला धारही आहे. गेल्या वैशाखात रजेवर वाईला गेलो असता थोरले बंधू म्हणाले, "आम्ही यंदा माडीची कौलं बदलली." दादांच्या मनात काही नव्हते, कौले त्यांनीच बदलली होती. तरी ज्या माडीवर आमचे बालपण गेले, तिच्याविषयी 'आपण' न ऐकता 'आम्ही' ऐकले, आणि आपण पाहुणे झालो हे उमगले. उलट लखनौचे आमचे शेजारी, एक वृद्ध वकीलसाहेब, गल्लीच्या नळाची तक्रार करताना "हम लोग" म्हणतात, तेव्हा त्यात आम्ही आहोत की नाही हे आम्ही कधी विचारले नाही. संशयाचा फायदा घेत वीस वर्षे सुखाने राहिलो.

लखनौच्या 'हम'मध्ये निःसंशय जाऊन बसलेला मराठी माणूस म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. जन्म १८६० चा, मुंबईला वाळकेश्वरचा. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने लखनौला संगीताचे महाविद्यालय निघाले, ते त्या वेळच्या गव्हर्नरांवरून 'मॅरिस कॉलेज' म्हणून ओळखले गेले. त्याची धुरा पुढे दीर्घकाळ श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी वाहिली, तेही मुंबईचेच. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ पंडितजींनी मराठीत लिहिला; त्या विद्येचे घर मात्र गोमतीकाठी बांधले. आज ते विद्यापीठ कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात आहे. 'भातखंडे' एवढे म्हटले तरी रिक्षावाला तिथे नेऊन सोडतो. ते नाव परप्रांतीयाचे आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. जिथे काही घालावे तिथले आपण होतो, एवढाच ह्याचा अर्थ आम्ही लावतो.

हे सारे आता सुचण्याचे कारण पेन्शनचे कागद. त्यांत 'निवृत्तीनंतरचा पत्ता' असा एक रकाना आहे आणि तो आठ दिवस कोरा होता. सौभाग्यवतींचे मत वाईचे. तिथे कृष्णेचा घाट आहे, आणि त्यांच्या दोघी बहिणी आहेत. कन्या इथेच लहानाची मोठी झाली, इथेच नोकरीला लागली. तिला वाई म्हणजे सुटीतले गाव. दोघींच्या बोलण्यात 'आपण'च होते, पण एकीचे 'आपण' कृष्णाकाठचे, तर दुसरीचे गोमतीकाठचे.

अखेर रकान्यात लखनौचा पत्ता लिहिला. सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. मग वर्षातले चार महिने वाईला काढायचे, ह्यावर समेट झाला. त्याच दिवशी दादांना पत्र टाकले: "माडीच्या कौलांना काय खर्च आला ते कळवावे. आपल्या घराचा निम्मा वाटा पाठवीत आहे."

दादांचे उत्तर आले आहे. रक्कम त्यांनी कळविली नाही. लिहितात, "पावसाआधी आपल्याला मागची पडवीही शाकारायची आहे. जूनच्या आत ये."

तिकिटे काढली आहेत. दशहरीचा हंगाम यंदा थोडा चुकेल.